बलबीरच्या ट्रकची गरम सीट

"उदारीकरणाची ऊब देशातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोहोचली पाहिजे," असं आमचे डायरेक्टर खन्नासाहेब म्हणाले, तेव्हा मी एका जुन्या ट्रकच्या केबिनमध्ये पालथा पडून वायरी ओढत होतो. शेवटचा माणूस, म्हणजे ड्रायव्हर बलबीर, खाली उभा राहून चहा पीत होता.

झालं असं होतं की, परदेशी पार्टनरच्या सल्ल्याने आम्ही दिल्लीजवळ मानेसरला गाड्यांच्या सीट गरम करणारी पॅड बनवायचं मशीन आणलं होतं. पॅड म्हणजे कापडावर नागमोडी शिवलेली तार. वीज सोडली की ती तापते. मशीन उत्तम होतं. फक्त भारतात कुणालाच गरम सीट नको होती. सगळ्यांना एसी हवा होता.

"दातार, कार नहीं तो ट्रक!" खन्नासाहेब म्हणाले. "लालाजींकडे जुने ट्रक आहेत. धुक्यात रात्रभर जयपूरला जातात. एकात बसवून दाखव. पुढच्या महिन्यात पार्टनरचे साहेब येतायत. नमुना पास झाला नाही, तर तुझं सेक्शन बंद."

सेक्शनमध्ये मी होतो आणि माझी सहा माणसं. तरीही खरं सांगतो, मला भीतीपेक्षा मजाच जास्त वाटत होती. इतके दिवस मी झाकलेल्या मशीनवरची धूळ पुसत होतो. आता हातात काम होतं.

पहिली अडचण व्होल्टेजची. आमचं पॅड कारसाठी बनवलेलं, बारा व्होल्टचं. ट्रक चोवीसवर चालतो. सरळ जोडलं असतं, तर बलबीरला ऊब जरा जास्तच पोहोचली असती. मी एकसारखी दोन पॅड एकापुढे एक जोडली, एक बसायला, एक पाठीला. प्रत्येकाच्या वाट्याला बारा व्होल्ट. डॅशबोर्डवर स्विच आणि लाल दिवा बसवला. दिवा लागला, पाचच मिनिटांत सीट तापली आणि मी केबिनमध्ये एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. आधी एक पॅड आर. के. पुरमला घरी नेऊन बॅटरीवर लावून पाहिलं होतं, तर बायको त्यावरून उठायलाच तयार नव्हती. यापेक्षा चांगला टेस्ट रिपोर्ट मला नोकरीत मिळालेला नाही.

बलबीर जयपूरला जाऊन आला.

"कैसी रही?"

"ठंडी."

"बिल्कुल ठंडी?"

"साहब, थोड़ी देर गरम. फिर आपकी नौकरी की तरह, भगवान भरोसे."

मी वर चढून पाहिलं. सीटवर चांगली जाडजूड गद्दी होती, जुन्या रजाईची घडी घालून शिवलेली. ट्रकची सीट फळीसारखी कडक असते, म्हणून ड्रायव्हर लोक वर स्वतःची गद्दी टाकतात. आमची उष्णता त्या गद्दीखाली कोंडत होती. पॅडमध्ये थर्मोस्टॅट असतो. ठरावीक तापमानाच्या वर गेलं की तो वीज तोडतो. तो आपलं काम चोख करत होता. पॅड खाली तापून बंद, बलबीर वर गारठून जागा.

"गद्दी काढ ना, यार."

"घरवाली ने बनाई है. आप सीट निकाल लो."

त्याच्या आवाजावरून मला कळलं की यावर चर्चा होणार नाही. आणि मग मला जे सुचलं, त्याने मी त्या थंडीतही स्वेटर काढला. सीट गरम करायचीच कशाला? दोन्ही पॅड सीटमधून काढली. गद्दीला पाठीचा भाग जोडून घेतला आणि पॅड तिच्यात, वरच्या कापडाखाली शिवली. मऊ वायर बाहेर काढली, प्लग लावला. बलबीर दुसऱ्या खेपेहून आला तो हसतच उतरला.

"साहब, कमर का दर्द गायब! सो जाने का डर लगता है, बस."

पार्टनरचे साहेब आले. मंडप, हार, नारळ. खन्नासाहेबांनी ट्रक धुऊन घेतला होता, सीटला मखमली कव्हर चढवलं होतं. मला मंडपात खुर्ची मांडून बसवलं होतं. साहेब केबिनमध्ये चढले. बलबीरने स्विच दाबला. लाल दिवा लागला. साहेबांनी डोळे मिटले. "वंडरफुल. व्हेरी जेंटल वॉर्म्थ." मग खन्नासाहेब बसले. "बिल्कुल! एकदम कमरेपर्यंत." लालाजी बसले आणि म्हणाले, सगळ्या ट्रकना लावा. तिथेच हात मिळवले. सेक्शन वाचलं. माझी सहाही माणसं एकमेकांना लाडू भरवत होती.

गर्दी पांगल्यावर बलबीर जवळ आला. जरा ओशाळलेला होता.

"साहब, वो गद्दी तो घर पे है. मैली थी. बड़े लोगों के सामने अच्छी नहीं लगती."

तेव्हापासून मी ट्रायलचा रिपोर्ट हार घातलेल्या माणसाकडून घेत नाही. लालाजींच्या सगळ्या ट्रकना आम्ही गद्द्याच दिल्या. लाल दिवा मात्र आम्ही आणखी थोडा मोठा केला.