सिरीयस हाय म्हण
स्पॅनिश शिकायचं खूळ माझंच. महाडमध्ये बसून, शाळेच्या नोकरीतून वेळ काढून, ऑनलाइन. आत्या म्हणायची, "शीक गो, तुला नवरा तिकडचाच आणू." सगळे हसायचे. हसा म्हटलं.

त्या दिवशी तिचाच फोन आला, पाचाडहून. तिथं गडाखाली तिची खानावळ आहे. गड उतरून जेवायला बसलेला एक म्हातारा परदेशी छातीला हात लावून कलंडला होता. "जीपमधे घातलाय त्याला, महाडला आणते. तू खोलीत बडबडतेस ना, तसंच बोलतोय. दवाखान्यात ये लवकर!"

मी पोचले तेव्हा ते शुद्धीवर होते. मी त्यांच्या भाषेत बोलले तशी त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाले, मुलीला फोन लावा. त्यांच्याच मोबाइलवरून लावला. ती स्पेनमध्ये. हार्ट अटॅक आहे, डॉक्टर उपचार करतायत, असं अडखळत सांगितलं. तिकीट बघते आणि परत फोन करते, म्हणाली.

मग आम्हाला बाहेर काढलं. आत्या पदराचं टोक चावत बसली होती. थोड्या वेळानं डॉक्टर आले, त्यांनी नुसती मान हलवली.

तेवढ्यात त्या म्हाताऱ्यांचा फोन माझ्या हातात वाजायला लागला.

"गेला म्हणून सांगू नको हां!" आत्यानं माझा दंड धरला. "पोरगी एकटी असंल तिकडं. सिरीयस हाय म्हण. निघू दे तिला. बाकीचं इकडं आल्यावर."

यात वावगं काहीच नव्हतं. मुंबईच्या माणसाला आम्ही असंच बोलावतो. 'सिरीयस हाय, निघ' म्हटलं की तो समजायचं ते समजतो आणि गाडीत बसतो. उलट कुणी विचारत नाही. वडील गेले तेव्हा माझ्या भावालाही असंच कळवलं होतं.

फोन उचलला. क्लासात बदलाची क्रियापदं चालू काळात घोटून घेतली होती: सुधारतंय, वाढतंय, बिघडतंय. त्यातलंच एक तोंडात आलं. "एस्ता एम्पेओरांदो." तब्येत बिघडत चाललीय.

वाटलं, समजली. कसलं काय! बिघडतेय म्हणजे तिच्या लेखी बाप अजून होता.

"फोन त्यांच्या कानाशी धरा," ती म्हणाली. मी तोंड उघडायच्या आत तिनं सुरूही केलं. पापा, एकटे जाऊ नका म्हणून मी भांडले, तुम्हाला हट्टी म्हटलं, ते मनावर घेऊ नका. मी निघतेय. माझी वाट बघा.

फोन माझ्याच कानाला होता. शब्दन् शब्द कळत होता. आग लागो त्या शिकण्याला!

"काय म्हणते गो?" आत्या विचारत होती. मी तिला हातानंच गप्प केलं.

"ऐकलं ना त्यांनी?"

हो म्हणणं फार सोपं होतं. पण माझ्याच्यानं होईना.

"नाही," मी म्हटलं. "ते गेले. तुमचा फोन यायच्या आधीच."

मग तिनं विचारलं, "मग मी बोलले ते कुणी ऐकलं?"

"मी," मी म्हटलं. "मी ऐकलं."