झटका ओसरायच्या आत

वसईजवळच्या निर्मळ गावातल्या क्लेमेंटीन टीचरचं दुखणं कुणाला उमगत नव्हतं. अंगभर लालभडक चट्टे उठायचे, घसा आवळून यायचा आणि बाई कोसळायची. सुईने टोचून केलेल्या अ‍ॅलर्जीच्या तपासण्यांत काहीच सापडलं नाही. तरी घरात आधी कोळंबी बंद झाली, मग वांगं, मग शेंगदाणे. शेवटी ती नुसत्या पेजेवर आली. शाळेत कुजबुज होती, टीचरच्या डोक्यात काहीतरी बसलंय. एकदा नवरा स्टॅनीही बोलून गेला, "तू फार विचार करतेस." ते तिच्या जिव्हारी लागलं.

मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र वेगळाच संशय धरला होता. शरीराचं रक्षण करणाऱ्या काही पेशीच अधूनमधून पिसाळत असाव्यात. त्या पिसाळल्या की रक्तात एक खूण वाढते, पण ती झटक्यानंतर काही तासच टिकते. "आधी इंजेक्शन. मग लगेच रक्त द्या," त्यांनी बजावलं होतं.

रविवारी चर्चमध्ये गायनाच्या सरावाला तिच्या तळहातांना खाज सुटली. झटका असाच सुरू व्हायचा. स्टॅनीने तिला शेजारच्या एडवर्डच्या गाडीत आडवं करून गावातल्या डॉक्टरकडे नेलं. त्याने मांडीत इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळाने तिचा श्वास मोकळा झाला. मात्र रक्ताची ही तपासणी इथे होत नाही, तिला वसईच्या हॉस्पिटलात न्या, असं तो म्हणाला.

वाटेत चट्टे परत उठले. ओठ सुजले. घाबरलेल्या स्टॅनीने एडवर्डला गाडी मागे वळवायला सांगितलं. क्लेमेंटीनने त्याचा शर्ट मुठीत धरला.

"मागे नको," ती कशीबशी म्हणाली. "आज नाही सापडलं तर मला वेडीच ठरवतील."

स्टॅनीने एडवर्डला पुढेच जायला खुणावलं. एडवर्डने हॉर्नवरचा हात काढला नाही.

हॉस्पिटलात एका दंडावर पट्टा आवळून नर्सने रक्त काढलं, त्याच वेळी डॉक्टरने दुसरं इंजेक्शन टोचलं. नळी भरलेली बघूनच तिने डोळे मिटले.

खूण सापडली. टीचर बरी असतानाही ती रक्तात जास्तच निघाली, म्हणून कमरेच्या हाडातला मगज तपासला. आजार त्या पेशींचाच होता. मुळासकट जाणारा नाही, पण गोळ्यांनी आवरणारा.

स्टॅनी इंजेक्शन द्यायला शिकला. कच्च्या केळ्यावर सुई टोचून हात बसवला. 'तू फार विचार करतेस' म्हणून चुकलो, हे तो तोंडाने बोलला नाही. एका सकाळी बाजारातून कोळंबी आणली, डॉक्टरांना विचारलंय म्हणाला, आणि स्वतःच सोलायला बसला.