एका तपाचा सौदा

थोरल्या भावाने मला बारा वर्षांना फसवलं. हे आधीच सांगतो, कारण आज नवं पंचांग उघडलं आणि कोऱ्या कागदाच्या वासाने मन हळवं झालं.

पाडव्याला चाकणच्या आमच्या ओट्यावर गुरुजी पंचांग वाचायचे. त्या सकाळी नव्या संवत्सराचं नाव ऐकत आम्ही कडुलिंब-गूळ चघळत होतो. पिंपरीच्या एका कंपनीत आम्हा दोघांपैकी एकाचीच वर्णी लागणार होती. दादा जवळ सरकला.

“येक तप मी जातो, तू रान बघ. मग मी हितं, तू तिकडं.”

“तुझी सायकल मला?”

“घे की.”

सायकल पदरात पाडली म्हणून मी दिवसभर घंटी वाजवत गावभर फिरलो. पुढे काळेवाडीत स्वतःचं वर्कशॉप काढलं, तेव्हाही तेवढा आनंद झाला नाही.

त्याने लगेच होकार दिला तिथेच मी हरलो होतो, हे आता कळतं. तप म्हणजे बारा वर्षं हे मला ठाऊक होतं. पण एका शब्दात बांधली की ती किती हलकी वाटतात. ती संपली तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो. कंपनीला एवढा थोराड नवखा नको होता, आणि दादा निगडीचं घर सोडून रानात यायला तयार नव्हता. संवत्सरांची साठ नावं फिरून येतात. माझी पाळी आली नाही.

दादा, यंदा पाडव्याला ये आणि त्याच ओट्यावर बसून सांग, त्या दिवशी तू ‘बारा वर्षं’ का म्हणाला नाहीस?