संशोधकाच्या जागी दोन नावं

“इन्व्हेंटर एकच. हे मिस्टर साळवी,” माझ्या ऑफिसात खुर्चीवर बसता बसता क्लायंट कंपनीचा मॅनेजर म्हणाला. “प्रदर्शनाच्या आधी फायलिंग झालं पाहिजे.”

शेजारचे साळवी टेबलाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “एकच नाही, सर. इक्बालचं नाव घालायचंय.”

“इक्बाल इज नो मोअर, साळवी.”

“म्हणून तो नव्हताच, असं होत नाही ना.”

मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. मी पेन खाली ठेवलं.

मी मूळची मिरजेची. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं, पण प्रयोगशाळेत रमले नाही. पुण्यात पेटंटच्या कामाला लागले, नोकरी करत कायदा शिकले आणि नंतर कुवेतमधल्या एका लॉ फर्ममध्ये आले. कोर्टात इथलेच वकील उभे राहतात. मी पेटंटचा मजकूर लिहिते. संशोधक सांगतो ते केमिस्ट्रीत समजून घ्यायचं आणि कायद्याच्या भाषेत मांडायचं. मग त्याचं अरबी भाषांतर होतं. आमच्या नात्यातल्यांना अजून वाटतं की मी काळा कोट घालून भांडते.

साळवींची कंपनी तेल प्रकल्पांमध्ये देखभालीची कंत्राटं घेते. साळवी आणि इक्बाल मुकादम दोघेही तिच्या लॅबमध्ये केमिस्ट होते. साळवी लांज्याचे, इक्बाल दापोलीकडचा. दोघांची कुटुंबं गावी, म्हणून कुवेतच्या खैतान भागात एकाच खोलीत राहायचे. दोघांनी मिळून एक लेप बनवला होता. गरम पाइप गळायला लागला तर प्लांट बंद न करता वरून लावायचा. तो बाजारात येण्याआधीच इक्बाल हार्ट अटॅकने गेला. त्याची मय्यत घेऊन साळवीच गावी गेले होते.

मॅनेजरची घाई खरी होती; कंपनी हा लेप एका प्रदर्शनात मांडणार होती. शोध एकदा चारचौघांत दाखवला की तो नवा राहत नाही आणि पेटंट अडचणीत येतं. त्यामुळे अर्ज आधी, प्रदर्शन नंतर. दुसरं नाव आलं की इक्बालच्या वारसांच्या सह्या लागणार. नोकरीत लावलेला शोध कंपनीच्या मालकीचा झाला, असं लिहून घ्यावं लागतं. माणूस हयात नसेल तर ते वारसांकडून. म्हणजे गाव, नोटरी, वकिलातीचे शिक्के.

मी मॅनेजरला बाहेर थांबायला सांगितलं आणि साळवींना विचारलं, “लेपात इक्बालचं काय होतं?”

“सगळं त्याचंच, मॅडम.”

“सगळं म्हणजे?”

“सगळं म्हणजे सगळं. माझं नाव नसलं तरी चालेल.”

अशी उत्तरं मला आवडत नाहीत. कल्पना ज्याच्या डोक्यातून आली तो कायद्याने संशोधक. चाचण्या घेणारा नाही, मदत करणारा नाही, मित्र तर नाहीच. खोटं नाव घातलं तर उद्या प्रतिस्पर्धी कंपनी त्याच मुद्द्यावर पेटंटला आव्हान देऊ शकते.

“साळवीसाहेब,” मी म्हणाले, “पेटंटचा अर्ज म्हणजे श्रद्धांजली नव्हे.”

ते उठलेच. चेहरा उतरला होता. “तुम्हाला तसं वाटलं? मी त्याच्यावर उपकार करतोय असं?”

“मला काहीच वाटलेलं नाही. मला फक्त कळायला हवं. बसा. लेप पहिल्यांदा टिकला, त्याआधी काय बदललं होतं?”

ते बसले. मग बोलायला लागले.

लेप गरम लोखंडावर लावला की वरचा थर लगेच घट्ट व्हायचा. आतली वाफ कोंडायची, फुगे यायचे, पापुद्रा सुटायचा. साळवी चिकटपणा वाढवत होते. फुगे तसेच येत होते. एका शुक्रवारी इक्बाल खोलीवर घावणे घालत होता. साळवी बाजूला उभे राहून लेपाचंच रडगाणं गात होते. इक्बाल तव्याकडे बघत म्हणाला, “तवा एवढा तापलेला, तरी ह्याला जाळी पडते. वाफेला वाट मिळते आणि मग वरचं धरतं. आपण उलटं करतोय, प्रकाश. आपलं वरचं आधी मिटतंय.”

“मग?” मी विचारलं.

“मग तो म्हणाला, दोन हार्डनर घालू. एक लोखंडाकडून लगेच धरणारा, दुसरा वरून सावकाश. मी त्याला वेड्यात काढलं. प्रमाण बसवायला पुढे आम्हाला खूप दिवस लागले. ते मात्र माझं काम.”

हार्डनर म्हणजे लेप घट्ट करणारं रसायन. कंपनीने आधी पाठवलेल्या माहितीवरून लिहिलेला अर्जाचा मसुदा मी उघडला. पेटंटचा जीव असतो त्याच्या क्लेममध्ये. शेताला बांध असतो तसा हा क्लेम, त्याच्या आतली जमीन आपली. माझ्या पहिल्या क्लेममध्ये मी लिहिलं होतं: वेगवेगळ्या वेगाने काम करणारे दोन हार्डनर. दुसऱ्यात त्यांचं प्रमाण. म्हणजे पहिला क्लेम इक्बालचा, दुसरा साळवींचा.

तरी एकाच्या सांगण्यावर विसंबून चालत नाही. लॅबच्या फिलिपिनो टेक्निशियनला मी वेगळं बोलावलं आणि साळवी काय म्हणाले ते न सांगता विचारलं. तो म्हणाला, सावकाश धरणारा हार्डनर पहिल्यांदा इक्बालनेच मागितला. साळवी नको म्हणत होते, म्हणून त्याला ते लक्षात होतं.

संध्याकाळी मी माझ्या वरिष्ठांकडे गेले. ते इजिप्तचे. अरबीत वकिलाला म्हणतात तसं आम्ही त्यांना उस्ताद म्हणतो आणि ते मला दोक्तोरा, म्हणजे डॉक्टर. माझी पीएचडी नाही हे सांगून मी थकले आहे.

“दोक्तोरा, कायदा सांगतेस की कणव?”

“कायदा. पहिला क्लेम त्याचा आहे.”

“वारस सही करतील?”

“अजून विचारलेलं नाही.”

त्यांनी मॅनेजरला फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. “मेलेल्या माणसाला पेटंट काय करायचंय?” उस्ताद शांतपणे म्हणाले, “त्याला काही नाही. तुम्हाला करायचंय. एक नाव गाळून घेतलेलं पेटंट उद्या टिकणार नाही, तसा अर्ज मी भरणार नाही.” काही कागद मुदतीत मागाहून जोडता येतात. त्या आधारावर आम्ही प्रदर्शनाआधी दोन नावांनी अर्ज भरला.

आता इक्बालची बायको. रेहानाताई गावाजवळच्या मराठी शाळेत शिक्षिका. मी फोनवर सगळं समजावलं. यातून घरी पैसे येतील असं नाही, हेही सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“मॅडम, एक विचारू? हे त्यांनी खरंच केलं, की प्रकाशभाऊ प्रेमापोटी नाव देतायत? तसं असेल तर नको. मुलांना मी खोटं सांगणार नाही.”

“ताई, मीही आधी तेच विचारलं होतं,” मी म्हणाले आणि घावण्यांची हकिगत सांगितली.

त्यांनी घावण्यांचं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग त्या म्हणाल्या, “घरी कधी चूल पेटवली नाही हो त्यांनी. तिथे घावणे घालायचे?” त्या हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही. “कागद पाठवा. मी वाचेन आणि मगच सही करेन.”

त्यांनी वाचलं. एका वाक्याचा अर्थ पुन्हा विचारला, नवऱ्याच्या नावाचं चुकलेलं स्पेलिंग दुरुस्त करून घेतलं आणि सही केली. शिक्के मिळवायला काही महिने गेले. मॅनेजर दर आठवड्याला चिडून फोन करायचा. शेवटी कागद मुदतीत पोचले.

पेटंट मिळालं, तेव्हा साळवी प्रत घ्यायला ऑफिसात आले. अरबी त्यांना वाचता येत नाही. इक्बालचं नाव कुठलं ते मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. मग रेहानाताईंना पाठवायला त्या पानाचा फोटो काढला.

हल्ली नवीन मुलं विचारतात, सायन्स शिकून या कामात काय उपयोग? मी सांगते, रसायन कळायला उपयोग होतो. बाकी निम्मं काम समोरच्याला पुन्हा पुन्हा “म्हणजे काय?” विचारण्याचं असतं. माणूस जीव तोडून खरं सांगत असतो, तेव्हाही ते विचारावं लागतं.