अण्णाचे दगड भरावात जाणार नाहीत

अण्णाने गाडी थांबवली की सगळ्यांना वाटायचं, लघवीला थांबला.

तो दगडाला थांबायचा.

मी नांदेडच्या कॉन्व्हेंटमध्ये आठवीत होते. सुट्टी लागली की तो मला वडिलांच्या जीपने घरी न्यायचा आणि दोन तासांच्या वाटेला पाच तास लावायचा. मी सीटवर मासिक वाचत बसायची. तो घामाघूम होऊन परत यायचा आणि माझ्या मांडीत एखादी गारगोटी टाकायचा. बाहेरून बटाटा, फोडली की आत खडीसाखर.

"बेबे, उतर की. पाच मिनिटं."

"ऊन आहे."

"ऊन दगडालाबी लागायलंय. तो कुठं तक्रार करायलाय?"

माझा हा मोठा भाऊ. रेणापूरच्या शाळेत भूगोलाचा मास्तर होता. गेला. काल त्याचं तेरावं झालं.

फॅमिली ग्रुपवर तेरा दिवस पूर आलाय. 'ज्ञानाचा महासागर.' 'आमचा आधारवड.'

हेच लोक त्याला 'दगड्या मास्तर' म्हणायचे. तोंडावर. त्याच्याच घरी जेवताना.

ज्या वाटेपायी त्याला वेड्यात काढलं, ती वाट सांगते.

जळकोटच्या अलीकडे डांबरी सोडायची आणि माळावर शिरायचं. पावसाळा सोडला तर कुठलीही साधी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये आरामात जाते. मार्चनंतर तिथं वाळवंटच. पिवळं गवत, बोरी-बाभळी, सावली शोधणारी मेंढरं.

ओढ्याच्या कडेला काळ्या दगडाचे खांब उभे आहेत, टाकीने घडवल्यासारखे, सहा-सहा बाजूंचे. तिथं गाडी लावायची आणि अर्धा तास चढायचं. वर दरडीत, काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये, हातभर जाडीचा लाल पट्टा दिसतो.

"लाव्हा आला, थंडावला, थांबला," अण्णा सांगायचा. "पुन्हा यायच्या आधी जी उसंत मिळाली ना, तिची ही माती."

आमच्यातलंच एक जोडपं अमेरिकेतल्या वाळवंटात भाड्याची गाडी घेऊन हिंडलं. लाल खडकासमोर उड्या मारतानाचे फोटो आठवडाभर ग्रुपवर. ऑसम. ब्लेस्ड.

अण्णाने लिहिलं, "आपल्याकडेही आहे. या कधी."

उत्तरादाखल एक अंगठा आला.

लोकांनी वाट चुकू नये म्हणून त्याने दगडांवर ऑइल पेंटने बाण काढले होते. दुकानात लाल नव्हता, म्हणून केशरी आणला.

तिथंच चुकला.

महिन्याभरात पहिल्या बाणापुढे नारळ फुटला. तिथं एक म्हातारी मेंढरं घेऊन बसायची. अण्णा तिला समजवायला गेला, मी जीपमधून ऐकत होते.

"मावशी, हा शेंदूर न्हाई. पेंट हाय. मीच लावला."

"हाव ना मास्तर, तुमीच लावला. पर तुमच्याकडून लावून कुनी घेतला?"

घर येईपर्यंत हसत होता. "बेबे, हरलो," म्हणाला.

त्या म्हातारीवर माझा राग नाही. ती निदान दगडापुढे थांबली.

राग आहे तो मागून आलेल्या गाडीवाल्या शहाण्यांवर. त्यांनी पत्र्याचं शेड ठोकलं, समिती काढली आणि त्या सहा बाजूंच्या खांबांतले निम्मे फोडून पायऱ्या केल्या. काल तेराव्याला फ्लेक्स घेऊन हजर. 'देवस्थानचे आद्य भक्त.' फोटोत अण्णाच्या कपाळाला टिळा, कॉम्प्युटरवर लावलेला. दोनदा बुंदी मागून घेतली आणि गेले.

मी यांच्याहून फार वेगळी आहे असं नाही. जवळजवळ पन्नास वर्षं मी त्या गाडीतून उतरले नाही. कधी ऊन, कधी साडी, कधी गुडघे.

गेल्या जानेवारीत त्याला चढवेना. जीप मी चालवली. खांबांपाशी थांबलो तर म्हणाला, "जा, पट्ट्यावर हात ठेवून ये."

अर्ध्या तासाची चढण मला तासभर लागली. परत आले तेव्हा तळहात लाल झाला होता. त्याने तो दोन्ही हातांत धरून वास घेतला.

"ओल लागली?"

"थोडी."

"मग बरंय."

आता हे सगळं लिहायचं कारण.

अण्णाचा मुलगा पराग. इंजिनिअर. लातूरच्या घराची मागची खोली पाडून त्याला पार्किंग करायचंय. त्या खोलीत अण्णाचे आयुष्यभराचे दगड आहेत. काल शेवटची पंगत उठायच्या आत मला म्हणाला, "आत्या, ती दगडं भरावात टाकूत. परवा ट्रॅक्टर यायलंय. तेवढाच मुरूम कमी लागंल."

"अरे, प्रत्येकावर त्याच्या हातची चिठ्ठी आहे."

"चिठ्ठ्या काढून ठेवतो ना."

इंजिनिअर आहे हो तो. शिकलेला.

श्रद्धांजलीचं काम ग्रुप जोरात करतोच आहे. मी एवढंच म्हणते, अण्णा, तू नीघ. इथलं मी बघते.

तर ट्रॅक्टर उद्या सकाळी येणार. त्याआधी, आज संध्याकाळपर्यंत लातूरच्या घरी या. पोती मी देते.

चिठ्ठ्या लावलेल्या पेट्या रेणापूरच्या शाळेला. तिथल्या मुख्याध्यापिका बाई हो म्हणाल्यात, पण ठेवायला जागा नाही. माझं साड्यांचं कपाट सोबत जाईल.

फोडलेल्या गारगोट्या, ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांना. एका घराला एक.

त्याने हाताने काढलेला वाटेचा नकाशा, जो कुणी गाडीतून उतरून चालणार असेल त्याला. उन्हाची सबब ऐकून घेणार नाही.

हातोडा माझा.

समितीला काही नाही.

आणि पराग, तुला त्याचं भिंग. कुठल्याही एका दगडावर धर, मिनिटभर बघ. मग ट्रॅक्टरवाल्याला फोन कर.