पहिल्याच रविवारी दिसलेली तार

माझ्याकडे गिटारवाले येतात ते बहुतेक चिडूनच येतात. गिटार खांद्यावरून उतरवायच्या आधीच म्हणतात, "काका, पिकअप बदलायचाय." पिकअप म्हणजे गिटारच्या तारांखाली बसवलेली चपटी डबी. आत चुंबक, आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की ही डबी ती थरथर पकडते आणि स्पीकरकडे धाडते. "का बदलायचाय?" असं मी विचारलं की सुरू होतं. आवाज गरम हवा, मलईदार हवा, एकाला तर धुरकट हवा होता. हे शब्द ते मोबाईलवरच्या व्हिडिओतून उचलून आणतात आणि माझं डोकं फिरवतात. मलई हवी असेल तर डेअरीत जा, असं मी एकदोघांना तोंडावर सांगितलंय.

माझी पद्धत ठरलेली आहे. आधी केबल न लावता वाजवायचं. गिटारच्या धडाच्या वरच्या टोकाला हनुवटी टेकवायची आणि लाकूड काय बोलतंय ते हाडातून ऐकायचं. लाकडातच जो आवाज नाही तो कुठलाही पिकअप आणून देणार नाही. मग पिकअपच्या दोन बाजूंचे स्क्रू फिरवून तो तारांपासून थोडा लांब किंवा जवळ करून बघायचा. निम्म्या लोकांचं काम तिथेच होतं आणि ते जरा हिरमुसून परत जातात. उरलेल्यांसाठी माझ्या स्टीलच्या डब्यात वेगवेगळे पिकअप आहेत, ते एकेक लावून ऐकवतो.

हे काही मी शिकायला गेलो नव्हतो. वडिलांचं जळगावात हायवेला मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं, शेतातल्या पंपांच्या जळलेल्या मोटारी भरून द्यायचं. तेच मी चालवतो. एकदा भडगावच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याने गिटार आणली, म्हणाला, हीही कॉइलच आहे, बघा. बघितली. कॉइलच होती, फक्त मनगटाचा जोर लावण्याऐवजी श्वास आवरून धरावा लागत होता. तिथून गोष्ट पसरली. अमळनेरच्या कॉलेजातून पोरं यायला लागली, लग्नात वाजवणारे यायला लागले. मोटारींसाठी आठवड्याचे सहा दिवस, आणि रविवार गिटारींचा.

रविवार गिटारींना दिला त्याचं कारण धंद्याचं नव्हतं. मी लग्न केलं नाही. आई होती तोवर घरात बडबड असायची, चार वर्षांपूर्वी ती गेली. फैजपूरची बहीण संध्याकाळी फोन करते, जेवलास का विचारते, मी जेवलो म्हणतो, संपलं. आठवडा मोटारींच्या आवाजात जातो, पण रविवारी घर खायला उठायचं. कोणी आलं नाही तर मी डब्यातले पिकअप काढून पुसून परत ठेवायचो. मला फार एकटं वाटायचं. आज लिहिताना लाज वाटत नाही, पण तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नसतं.

नाना आले ते डिसेंबरातल्या एका रविवारी, धुळ्याहून सकाळच्या एसटीने. साठी ओलांडलेले, शाळेत शिपाई म्हणून निवृत्त झालेले, अंगात स्वेटर आणि डोक्यावर कानटोपी. ते त्यांच्या वस्तीतल्या गायन पार्टीत तीस वर्षं गिटार वाजवत होते. दर एप्रिलला जयंतीच्या कार्यक्रमात त्यांची गिटार असायचीच. टोपी काढून ते माझ्या उजव्या बाजूला येऊन बसले, आणि मी बोलायला लागलो तसे उठून डाव्या बाजूला गेले.

"भाऊ, हाऊ मना डावा कान गया," ते म्हणाले. "उजवा शे अजून. डॉक्टर म्हणस, हाऊ बी जाई."

तीस वर्षं भोंग्यांच्या शेजारी उभं राहून वाजवल्याचा तो परिणाम होता. डॉक्टरांनी मुदत सांगितली नव्हती, पण सावकाश जाईल असंही सांगितलं नव्हतं. आणि नेमका आत्ताच त्यांच्या गिटारचा गळ्याजवळचा पिकअप मुका झाला होता. बाकीचे दोन चालत होते, पण नाना जन्मभर त्या एकावरच वाजवत आले होते.

"माले मनी गिटारना जुना आवाज ऐकाना शे," ते म्हणाले. "एकदाव नीट ऐकी लिसू. मंग कान गया तरी डोकामा राही."

गरम नाही, मलईदार नाही. आपल्याला काय हवंय ते इतकं नेमकं सांगणारा माणूस मला त्या दुकानात कधी भेटला नव्हता. मी पिकअप बाहेर काढला, मीटर लावलं, काटा हलला नाही. भिंग डोळ्याला लावलं. जिथे तांब्याची तार बाहेरच्या टोकाला डाग देऊन जोडलेली असते तिथे हिरवट गंज चढला होता, वर्षानुवर्षांच्या घामाचा, आणि त्याच्या खाली तार तुटलेली होती. बाहेरचाच वेढा होता. एक वेढा उलगडायचा, तार खरवडायची, परत डाग द्यायचा. अर्ध्या तासाचं काम. नानांचा चहा पिऊन होईपर्यंत झालं असतं.

मी भिंग खाली ठेवलं आणि म्हणालो, "नाना, हा गेला. दुसरा बघावा लागेल."

असं का म्हणालो, यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. चहा यायचा होता. ते शेजारी बसले होते, स्वेटरच्या खिशातून शेंगदाण्याची पुडी काढून माझ्यापुढे सरकवत होते. अर्ध्या तासात काम झालं असतं तर ते अकराच्या गाडीने गेले असते. एवढंच कारण होतं. मोठं काही कारण सापडलं असतं तर बरं वाटलं असतं, पण नाही सापडलं.

गिटार ते माझ्याकडेच ठेवून गेले, आणि पुढच्या रविवारी परत आले. मी डब्यातला एक पिकअप बसवून ठेवला होता. मी दाखवलं तशी त्यांनी हनुवटी लाकडाला टेकवली, मग केबल लावून वाजवलं, आणि मान हलवली. "नही भाऊ. हाऊ दुसराना आवाज शे." मी लगेच म्हणालो, पुढच्या रविवारी वेगळा चुंबक असलेला लावून बघू. ते म्हणाले, बरं. त्या दिवशी आम्ही भरीत आणि कळण्याची भाकरी मागवून दुकानातच जेवलो. त्यांनी त्यांची बायको कशी गाण्याच्या आधी खडीसाखर तोंडात धरायची ते सांगितलं, मी आईचं सांगितलं. चार वर्षांत मी एका दमात एवढं बोललो नव्हतो.

असे सहा रविवार झाले. मी गुरुवारपासूनच ठरवायला लागायचो, या वेळी कोणता लावू, म्हणजे जवळपास येईल पण बरोबर नसेल. माझं सगळं कसब मी चुकीचा पिकअप अचूक निवडण्यात घालत होतो. एकदा फारच जवळ गेलो. नाना वाजवता वाजवता थांबले, परत तीच ओळ वाजवली, आणि मी घाबरलो, की आता हे हो म्हणणार. पण म्हणाले, "थोडासा उन्नीस शे." मी सुटलो. त्यांचा जुना पिकअप तेव्हा माझ्याच टेबलाच्या खणात, कापसात गुंडाळून ठेवलेला होता.

दिसत नव्हतं असं नाही. तिसऱ्या रविवारी ते खुर्ची जवळ ओढून बसले. चौथ्या रविवारी मी एकेक वाक्य दोनदा म्हणत होतो. पाचव्या रविवारी चहावाल्याने आवाज दिला, मी वळलो, ते वळले नाहीत. मी माझा आवाज चढवला आणि गप्पा चालू ठेवल्या. अजून वेळ आहे, असं मी मनाशी म्हणायचो. कान त्यांचा जात होता आणि वेळ आहे असं मी ठरवत होतो.

सातव्या रविवारी ते आले नाहीत. मी दारात उभा राहून दहाची गाडी गेली, बाराची गेली, असं मोजत बसलो. दुपारी फोन केला. त्यांच्या सुनेने उचलला. म्हणाली, "नाना आता फोन घेत नाहीत, काका. चार दिवस झाले, उजव्या कानानेही काही कळत नाही त्यांना. तुम्हाला कळवा म्हणाले होते, माझंच राहून गेलं."

फोन ठेवला आणि खण उघडला. कापूस बाजूला केला. एक वेढा उलगडला, तार खरवडली, डाग दिला. मीटरचा काटा सरळ वर गेला. घड्याळ बघितलं तर वीस मिनिटं झाली होती. मी तिथेच खुर्चीत बसून रडलो. शटर अर्धं ओढलेलं होतं, ते बरं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पिकअप गिटारमध्ये बसवला, दुकान बंद ठेवलं आणि गिटार आणि छोटा अँप, म्हणजे गिटारचा स्पीकर, घेऊन मी धुळ्याची एसटी पकडली. पारोळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मनात आलं, उतरावं आणि परत फिरावं. उतरलो नाही. गिटार मांडीवर आडवी धरली होती, तिच्यामुळे शेजारचा बाप्या सारखा तक्रार करत होता.

नाना पुढच्या खोलीत खाटेवर बसले होते. मला बघून इतके खूश झाले की मला त्यांच्याकडे बघवेना. माझ्या हातातून गिटार घेतली, गळ्याजवळचा पिकअप बोटाने चाचपला, ओळखला. भुवया उंचावून विचारलं, तोच ना? मी मान डोलावली. मी केबल जोडली आणि अँपचा प्लग लावायला भिंतीजवळचं बटण शोधत वाकलो. मागे त्यांनी वाजवायला सुरुवातही केली होती. वळून पाहिलं तर हनुवटी गिटारच्या टोकाला घट्ट टेकवलेली, डोळे मिटलेले. मीच शिकवल्याप्रमाणे.

"हाऊच शे, भाऊ," ते म्हणाले. आता त्यांचा आवाज गरजेपेक्षा मोठा झाला होता. "हाऊच."

अँप अजून बंद होता.

मी बटण दाबलं. त्यांच्या गिटारचा आवाज खोलीभर पसरला. मी तो पहिल्यांदाच ऐकत होतो. आतल्या खोलीतून सून हातातलं काम टाकून दारात आली आणि तिथेच थांबली. नानांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यांनी डोळे उघडले ते सावली पडली म्हणून. सुनेच्या तोंडाकडे बघितलं, मग अँपवरच्या लाल दिव्याकडे, मग माझ्याकडे.

"आते चालू कया का?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली. त्यांनी गिटार मांडीवर आडवी ठेवली. मग उशीखालून एक शाळकरी वही काढली. घरातले आता त्यांच्याशी त्याच वहीत लिहून बोलायचे. वही आणि पेन माझ्या हातात दिलं.

मी लिहिलं, "नाना, तार पहिल्याच रविवारी दिसली होती. अर्ध्या तासाचं काम होतं. तुम्ही येत राहावं म्हणून मी केलं नाही." त्यांनी चष्मा लावून वाचलं. दोनदा वाचलं असावं, कारण नजर वरच्या ओळीकडे परत गेली. मी त्यांनी दार दाखवायची वाट बघत होतो.

त्यांनी पान उलटलं, कोरी बाजू वर केली आणि वही परत माझ्या मांडीवर ठेवली.

"हाई नही इचारं मी," ते म्हणाले. "आवाज कसा शे ते लिखा."

आणि परत वाजवायला लागले. मी पेन धरून बसलो. सून दारात उभी राहून माझ्या हाताकडे बघत होती. आवाज अगदी समोर होता, स्वच्छ होता, आणि इतकी वर्षं लोकांच्या ज्या शब्दांची मी टर उडवली, त्यांतला एकसुद्धा मला त्या पानावर लिहिता येत नव्हता.