इंगळेकाकांचं हॉस्पिटल

सरकारी हॉस्पिटलात कुणी हात जोडलेले इंगळेकाकांना खपायचे नाहीत. आमची ओळखही त्यावरूनच झाली. औषधाच्या खिडकीवर आईला "संपलंय, बाहेरून घ्या" असं उत्तर मिळालं, तेव्हा तिने सवयीने हात जोडले. "बघा ना साहेब, एखादी तरी पट्टी असेल." रांगेत मागे उभा असलेला एक उंच, काटकुळा माणूस पुढे वाकून म्हणाला, "ताई, हात खाली घ्या. भीक नाही मागत आपण. आपलंच आहे हे."

ते जोगेश्वरीत आमच्या मागच्याच इमारतीत राहायचे. मूळचे बुलढाण्याकडचे, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. रविवारी सकाळी विहारात वंदना, आणि आठवड्यातून एकदा तरी कुणाला तरी घेऊन हॉस्पिटल. त्यांची मुलगी वैशाली तिथेच जन्मली होती. ती आता अंधेरीला एका कंपनीत होती आणि तिच्या ऑफिसच्या विम्यात आईवडील दोघेही होते. "बाबा, चांगल्या ठिकाणी दाखवा ना," ती वैतागून म्हणायची. काकांचं उत्तर ठरलेलं असे. "ज्यांना बाहेर जाणं परवडतं ते भांडत नाहीत. जे इथे राहतात त्यांना भांडायला वेळ नाही. मला दोन्ही जमतं, तर मी कशाला जाऊ?"

एकदा एक्स-रेचं मशीन बंद पडलं. खोलीच्या दारावर 'मशीन बंद आहे' असा कागद लागला आणि तो पिवळा पडला तरी निघेना. काका रोज जाऊन विचारायचे. तिथला माणूस म्हणाला, "काका, मला काय विचारता? वर जा." काका वर गेले. वरच्यांनी आणखी वर पाठवलं, तिथेही गेले. शेवटी मशीन सुरू झालं तेव्हा काकांनी काकूंना शिरा करायला लावला. मी म्हटलं, "काका, झकास! तुमचं मशीन सुरू झालं." ते एकदम चिडले. "माझं कसलं रे? तुझं नाही का?"

गेल्या वर्षी एका सकाळी आंघोळ करून आले आणि छाती धरून खाली बसले. वैशालीने मला हाक मारली. रिक्षात बसवताना ती म्हणाली, "सिग्नलजवळच्या खाजगीत नेऊ या." काकांनी मान हलवली. "आपल्याच." वाद घालायची ती वेळ नव्हती.

अपघात विभागात एकच डॉक्टर होती, वैशालीहूनही लहान. तिने ईसीजी काढला आणि तिचा चेहरा उतरला. "अटॅक आहे. हार्टचा विभाग इथे बांधलाय, पण डॉक्टरच नेमलेले नाहीत. यांना शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात न्यावं लागेल." अँब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन गेली होती. "येईलच," वॉर्डबॉय म्हणाला. आम्ही थांबलो. वैशालीने खाजगी हॉस्पिटलला फोन लावला, त्यांची गाडी निघाली. काका स्ट्रेचरवरून तिला म्हणाले, "चिडू नको गं. ही पोरगी करतेय ना सगळं." ते त्यांचं शेवटचं बोलणं. त्यानंतर ती डॉक्टर घामाने भिजेपर्यंत त्यांची छाती दाबत राहिली. दोन्हींपैकी एकही गाडी आली नव्हती.

मला कुणावर तरी ओरडायचं होतं. पण समोर होती ती डॉक्टर, भिंतीला टेकून उभी. ज्यांच्यावर ओरडायला हवं होतं त्यांच्यातलं तिथे कुणीच नव्हतं. ते लोक तिथे उपचाराला येत नाहीत.

शोकसभेला वॉर्डातले एक पुढारी आले आणि काकांना 'आरोग्यसेवेचा सच्चा मित्र' म्हणून गेले. पुढे हॉस्पिटलला नवा रंग लागला, मोठी कमान झाली. हार्ट विभागाला कुलूप आहेच.

परवा वैशाली काकूंना घेऊन रिक्षाची वाट बघताना दिसली. काकूंना दम लागत होता. मी विचारलं, "कुठे निघालात?" तिने सिग्नलजवळच्या खाजगी हॉस्पिटलचं नाव सांगितलं. मी पुढे होऊन एक रिक्षा थांबवली. काकूंना आत बसवून ती माझ्याकडे वळून म्हणाली,

"बाबांचं चुकलं नव्हतं रे. एक शब्दही चुकला नव्हता. पण मला आता आई एकटीच उरलीय."